एकाच खेळाची चार चित्रं

आमच्या घराच्या पुढच्या खोलीत पाहुण्यांना बसायला जागा नसायची. भिंतीला टेकवलेले अर्धवट रंगवलेले बोर्ड, ऑइल पेंटचे डबे, टर्पेंटाइनची बाटली, ब्रश बुडवायला अव्वानं नाइलाजानं दिलेले कान तुटलेले कप, आणि या सगळ्याच्या मधोमध, खिडकीखाली, अप्पांचं बसकं टेबल. सकाळी जाग यायची ती दोन आवाजांनी. मागं अव्वा भाकरी थापत असायची आणि पुढं अप्पा डब्यातला रंग लाकडी पट्टीनं ढवळत असायचे. दोन्ही आवाज एका लयीत आले की मला पुन्हा डोळा लागायचा. भाकरीला टर्पेंटाइनचा वास येतो ही अव्वाची कायमची तक्रार. आई संकेश्वरकडची, म्हणून आम्ही तिला अव्वा म्हणायचो. राग आला की तिचं मराठी संपायचं आणि कानडी सुरू व्हायचं. अप्पांना कानडी चांगलं यायचं, पण अशा वेळी काही कळलं नाही असं दाखवून ते ताकाचा पेला पुढं करायचे. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, तिच्यावर कच्चं तेल, वर ताक. अमावस्येला गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळातली खीर. याच्यापलीकडं आमच्याकडं फारसं काही शिजायचं नाही, आणि मला आजही याच्यापलीकडं फारसं काही लागत नाही.

अप्पांना सगळी राजारामपुरी 'पेंटर' म्हणायची. दुकानांच्या पाट्या, टेम्पोच्या मागची नक्षी, तालमीच्या भिंतीवरचे पैलवान, दूध संस्थेच्या भिंतीवरची म्हैस. म्हशीवर त्यांचा फार जीव. कोल्हापुरात म्हशीचं शिंग चुकलं तर रस्त्यानं जाणारा माणूस सायकलवरून उतरून सांगतो, म्हणून ते म्हैस काढायला दोन दिवस जास्त घ्यायचे. मी आणि माझा भाऊ बसू त्यांच्या आजूबाजूलाच वाढलो. बसू माझ्यापेक्षा दीड वर्षानं मोठा, पण त्याला दादा म्हणायची सवय मला कधी लागली नाही. अक्षरांची बाहेरची रेघ अप्पा मारायचे आणि आतला रंग भरायला मला द्यायचे. बसूला द्यायचे नाहीत, कारण तो रेघेबाहेर जायचा.

आमच्या घरात व्हिडिओ गेम आला तो एका पाटीच्या बदल्यात. शाहूपुरीत दिलीपशेठ म्हणून एकांचं रेडिओ-टेपचं दुकान होतं. त्यांची नवी पाटी अप्पांनी रंगवली आणि शेठनी खूश होऊन पोरांसाठी म्हणून तो खोका दिला. काळा-पांढरा डबा, खेळायला हातात धरायची, वायरीनं जोडलेली बटणांची दोन हत्यारं, आणि वरच्या फटीत खोचायची प्लॅस्टिकची पिवळी कॅसेट. आमचा टीव्हीही काळा-पांढराच होता. त्यामुळे खेळातलं आकाश कुठल्या रंगाचं, झाडं कुठल्या रंगाची, हे आम्हाला कधीच कळलं नाही. रंग होता तो फक्त कॅसेटवर चिकटवलेल्या चित्रात.

आणि ते चित्र अप्पांनी काढलेलं असायचं. झालं असं की पाटी लावल्यावर दोनच आठवड्यांनी शेठ स्वतः घरी आले, हातात पिशवी, पिशवीत वीसेक कॅसेटी. कुणावर फाटका कागद, कुणावर चिनी अक्षरं, काही नुसत्याच उघड्या.

"पेंटर, ह्यास्नी कापडं पाहिजेत," शेठ म्हणाले. "मुंबईहून पोतं भरून येत्यात, पण पोरं हात लावीनात. वर चित्र असल्याबिगर खपत न्हाय. तुम्ही मोठ्या पुठ्ठ्यावर काढून द्या, मी बारीक करून छापून घेतो."

"आत काय असतंय पण?" अप्पांनी विचारलं.

"ते मला काय म्हाईत? पोरांस्नी विचारा की. हरेक चित्राला एक कॅसेट तुमच्या पोरांची."

मग अप्पांनी आम्हाला समोर बसवलं, जसं एखाद्या गिऱ्हाइकाला बसवायचे तसं. आम्ही नुकतीच खेळलेली कॅसेट होती जंगलातल्या दोन शिपायांची.

"दोन शिपाई असत्यात," बसू म्हणाला. "बंदूक घेऊन पळत्यात. धबधबा असतोय, त्याच्यावर उड्या मारून चढायचं."

"कापडं?"

"नुसती पँट. वरनं उघडी."

"पँटीचा रंग?"

आम्हाला काळा आणि पांढरा एवढंच माहीत.

"मग मी देतो," अप्पा म्हणाले.

डाव्या शिपायाला निळी आणि उजव्याला लाल. अंगं तालमीतल्या पैलवानांची, मानेपासून खांद्यापर्यंत उतरती, कानसुद्धा मोडलेले. डाव्या कडेला धबधबा, उजव्या कडेला माड, वर उजव्या कोपऱ्यात हेलिकॉप्टर, आणि खाली डाव्या कोपऱ्यात जबडा उघडलेली मगर. चित्र वाळत ठेवल्यावर बसूनं बोट दाखवलं. "अप्पा, मगर न्हाय त्यात."

"पाणी हाय म्हणलास न्हवं? मग मगर असणारच."

हे चित्र छापून आलं, आगपेटीपेक्षा जरा मोठं, चकचकीत, आणि आम्ही ते हातात घेऊन खेळायला बसलो तेव्हापासून आम्ही त्या मगरीची वाट बघायला लागलो. पहिला टप्पा, दुसरा टप्पा, धबधबा. मगर आली नाही. गल्लीतल्या पोरांना आम्ही शपथेवर सांगितलं होतं की ती शेवटी येते. पुढं कित्येक महिने आमच्या दारात पोरं मगरीसाठी बसलेली असायची. आज कुणी मला विचारलं की चित्र म्हणजे काय, तर मला दुसरं काही सुचणार नाही.

पुढच्या दोनएक वर्षांत अप्पांनी शेठसाठी बरीच चित्रं काढली. विमानाचं, मोटारसायकलींचं, रणगाड्याचं. पण शिपायांच्या चित्राची गोष्ट वेगळी, कारण ते पुन्हा पुन्हा काढावं लागलं. शेठनी एकदा येऊन सरळच सांगितलं. "त्याच कॅसेटीला नवं चित्र द्या. जुनं बघून पोरं म्हणत्यात, हे आमच्याकडं हाय."

"आत तेच की हो," अप्पा म्हणाले.

"आत तेच. वर येगळं."

अप्पांना ते फारसं पटलं नसावं. ते मान खाली घालून ब्रश पुसत राहिले. पण तोपर्यंत शहरात कुणीकुणी यंत्रानं कापलेली अक्षरं लावायला लागलं होतं आणि पाट्यांची कामं विरळ झाली होती. दुसरं चित्र झालं. त्याला लाल आकाश. वर्षभरानं तिसरं झालं, त्याला रात्रीचं निळं. प्रत्येकाबरोबर आम्हाला एक कॅसेट मिळाली, आणि प्रत्येक वेळी ती खोचल्यावर तेच दोन शिपाई तेच जंगल पळायला लागले. तिसऱ्या वेळी बसूनं हातातलं बटण आदळलं. "परत तेच. आपल्याच बापानं आपल्याला फसवलं."

ती दिवाळीची सुट्टी होती. मी सातवीत. फराळ संपत आला होता, उरलेल्या करंज्या अव्वानं आमच्यापासून लपवल्या होत्या, आणि करायला काही नव्हतं. रविवारच्या पेपरात दोन चित्रं शेजारी शेजारी छापून 'यातले दहा फरक शोधा' असं असायचं, ते आम्हा दोघांना फार आवडायचं. मी तिन्ही कॅसेटी खिडकीतल्या उन्हात फरशीवर ओळीनं मांडल्या आणि बसूला म्हटलं, "चल, फरक शोधू. मी बोलतो, तू लिही." (आम्ही कोल्हापूरच्या मुली 'मी बोलतो, मी आलो' असंच म्हणायचो. बाहेरगावच्या माणसाला याचं नवल वाटतं. मला अजूनही 'मी बोलते' म्हणताना दुसरीच कुणीतरी बोलतेय असं वाटतं.)

सुरुवातीचे फरक सोपे होते. आकाशाचा रंग. बंदुकीची नळी. शिपायांच्या कपाळाची पट्टी. मग हळूहळू बारीक फरक सापडायला लागले. पहिल्या चित्रात मगर पूर्ण होती, शेपटीसकट. दुसऱ्यात तिचा जबडा होता, शेपूट कडेला पोचायच्या आत विरून गेलं होतं. तिसऱ्यात मगर नव्हतीच, तिथं नुसता निळा. पहिल्यात माडाला सात झावळ्या, दुसऱ्यात आतल्या बाजूच्या चार, तिसऱ्यात अर्धं खोड. हेलिकॉप्टर पहिल्यात कोपऱ्यात, दुसऱ्यात सरकून शिपायाच्या डोक्याजवळ आलेलं, तिसऱ्यात गायब. आणि ते दोन शिपाई. पहिल्या चित्रात त्यांच्यामधून तिसरा माणूस सहज गेला असता. तिसऱ्यात त्यांचे खांदे एकमेकांवर चढले होते, थंडीत दोन माणसं चिकटून उभी राहतात तशी. बसूनं वहीत चौदा फरक लिहिले आणि कंटाळून बाहेर खेळायला गेला. मी तिथंच बसून राहिले. मधे, चेहऱ्यांत, डोळ्यांत, छातीच्या रेषांत एकही चूक नव्हती. उलट तिसऱ्या चित्रातले चेहरे सगळ्यांत सुंदर होते. जे काही हरवलं होतं ते सगळं कडेचं होतं.

एवढं कळल्यावर बाकीचं आपोआप आठवायला लागलं. अव्वा चहाचा पेला अप्पांच्या उजव्या हाताशी ठेवायची आणि तो हल्ली रोज सांडायचा. "लक्ष कुठं असतं ह्यांचं," ती म्हणायची. गल्लीत शेजारून जाणाऱ्या सायकलवाल्याला ते दोनदा धडकले होते. बसू बाजूला उभा राहून बोलला तर ते दचकायचे आणि आख्खं अंग वळवून बघायचे. मी फूटपट्टी घेतली. अप्पा टेबलावर मान खाली घालून एका पाटीवर काम करत होते. मी त्यांच्या शेजारी उभी राहिले आणि पट्टी त्यांच्या कानाजवळ धरून हळूहळू पुढं आणली. गालापर्यंत. गालाच्या पुढं. ब्रश चालूच. पट्टी जवळजवळ नाकाच्या रेषेत आली तेव्हा ते एकदम मागं झाले.

"काय करतीस गं?"

"काय न्हाय. माशी हुती."

ते हसले आणि पुन्हा कामाला लागले. मी स्वयंपाकघरात गेले. अव्वा पीठ चाळत होती. मी तिच्यापुढं उभी राहिले, तोंड उघडलं, आणि काय बोलायचं ते मला येईना. अप्पांना दिसत नाही, असं म्हणायचं? पण त्यांना दिसत होतं, समोर रोज ते केसाएवढी रेघ ओढत होते. "सुम्मनिरु," अव्वा म्हणाली, गप्प बस. मी अजून काही बोललेही नव्हते. तिला वाटलं मी करंज्या मागायला आले आहे. मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याला मी पुढं पुष्कळ कारणं दिली. लहान होते, कळत नव्हतं, ऐकलं नसतं. त्यातलं एक कारण मी कधी कुणाला सांगितलं नाही, ते इथं लिहिते. पुढच्या चित्राबरोबर शेठ कुठलीही मागाल ती कॅसेट देणार होते, आणि मला ती हवी होती.

चौथं चित्र अप्पांनी हिवाळा संपताना केलं. शिपाईच, पण या वेळी हिरवं पहाटेचं आकाश. दुपारी जेवून ते आडवे झाले की अर्धा तास झोपायचे. पुठ्ठा टेबलावर वाळत होता, मला तो संध्याकाळी शेठकडं पोचवायचा होता. मी जवळ जाऊन बघितलं. चारही कोपरे मोकळे होते, नुसता आधी फासलेला अस्तराचा रंग. मला तेव्हा दया आली की भीती वाटली ते सांगता येत नाही. पहिल्या चित्राची कॅसेट शेजारी ठेवून मी अप्पांच्या, पुठ्ठ्यावरच्या चित्रांसाठीच्या पोस्टर कलरच्या बाटल्या उघडल्या. मगर काढली. माडाच्या झावळ्या पुऱ्या केल्या. वरच्या कोपऱ्यात हेलिकॉप्टर काढलं. अप्पांची झोप मोडेल म्हणून ब्रश पाण्यात हलवतानासुद्धा मी आवाज होऊ दिला नाही. एकदा ते कुशीवर वळले तेव्हा मी श्वास धरून बसले. उठल्यावर त्यांनी पुठ्ठ्याकडं बघितलं, मधल्या चेहऱ्यांकडं, आणि म्हणाले, "वाळलं काय? जा देऊन ये."

शेठ पुठ्ठा हातात धरून खूश झाले. "पेंटरनं ह्या टायमाला भरपूर काम केलंय. मागलं चित्र लई उघडं उघडं वाटत हुतं."

घरी येऊन मी ते अप्पांना सांगितलं. ते जेवत होते. त्यांचा हात थांबला.

"कोपऱ्यांचं काय म्हणला?"

"कोपरंच आवडलं म्हणले."

अप्पांनी अव्वाकडं आणखी अर्धी भाकरी मागितली. स्टिकर छापून आल्यावर त्यांनी त्यातलं एक घेऊन खिडकीपाशी नेलं आणि बराच वेळ उभे राहून ते बघत राहिले. दिवसभर त्यांचा आवाज मोकळा होता. मला वाटलं, मी त्यांचं भलं केलं. त्यानंतर विमानाच्या आणि मोटारसायकलींच्या नव्या चित्रांचे कोपरेही मीच भरले. पाट्यांच्या शेवटी सुटलेली वेलांटी, कडेचा राहिलेला रफार मी शाळेतून येऊन गुपचूप पुरा करायची. माझा हात सुधारत गेला. घरात, गल्लीत, शेठच्या दुकानात कुणाला काही कळलं नाही. असे तीनएक महिने गेले.

मे महिन्यात अप्पा एका गोदामाची भिंत रंगवायला गेले होते. मोठी भिंत, लाकडी परांची बांधलेली. पेंटर लोक मधून मधून दोन पावलं मागं सरकून काम बघतात, तसे ते सरकले. फळी कुठं संपते ते त्यांना दिसलं नाही. फार उंची नव्हती, पण खांद्यावर पडले आणि गळ्याजवळचं हाड मोडलं. हाडाच्या डॉक्टरांनी पट्टा बांधला, आणि ते बोलत असताना अप्पा प्रत्येक वेळी सगळी मान वळवून बघतात हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी स्वतःची दोन बोटं बाजूला धरली. किती, म्हणून विचारलं. अप्पा म्हणाले, "कुठं?"

मिरजेच्या डोळ्यांच्या दवाखान्यात अव्वा, अप्पा आणि मी असे तिघं गेलो. बसूची पुढच्या वर्षी दहावी, त्याची सुट्टीतली शिकवणी बुडवायची नाही म्हणून त्याला घरी ठेवलं. एका अंधाऱ्या खोलीत पांढऱ्या मोठ्या वाडग्यासारखं यंत्र होतं. अप्पांनी त्यात हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्याकडं बघत राहायचं, आणि आजूबाजूला कुठंही उजेडाचा ठिपका दिसला की हातातलं बटण दाबायचं. मोडक्या खांद्यामुळे त्यांना बसायला त्रास होत होता, म्हणून त्यांचा कोपर धरायला मला आत थांबू दिलं. यंत्र दर ठिपक्याला बारीक टिक करायचं. टिक झालं की मी त्यांच्या अंगठ्याकडं बघायची. सुरुवातीला अंगठा दोन-तीनदा हलला. मग टिक झालं आणि अंगठा हलला नाही. टिक. नाही. टिक. नाही. किती वेळ चाललं कोण जाणे. घरी खेळताना बसू अडकला की मी त्याच्या हातातलं बटण हिसकावून घ्यायची आणि तो टप्पा पार करून द्यायची. तिथं माझा हात त्यांच्या हातापासून वीतभर लांब होता, आणि मी काहीही करू शकत नव्हते.

"झालं काय चालू?" अप्पांनी एकदा मधेच विचारलं.

"झालंय, काका," यंत्रावरची बाई म्हणाली. "बघत राहा."

हल्ली मी दर वर्षी त्या यंत्रापुढं बसते. हे घराण्यात उतरतं म्हणून डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं. मला अजून सगळे ठिपके दिसतात, बसूला डाव्या डोळ्याचे काही दिसत नाहीत. टिक ऐकू आलं आणि ठिपका दिसला नाही असं कधी वाटलं तर मी घाबरून उगाचच बटण दाबते. यंत्रावरची मुलगी मला रागावते.

डॉक्टरांनी कागद पुढं ठेवला. दोन डोळ्यांची दोन वर्तुळं, कडेनं सगळी काळी, मधे भाकरीच्या डागाएवढं पांढरं.

"मोतीबिंदू असंल तर काढून टाकता येतंय न्हवं?" अव्वानं विचारलं.

"मोतीबिंदू नाही, बाई. काचबिंदू. यात गेलेली नजर परत येत नाही. थेंब देतो, गरज पडली तर ऑपरेशन करू, ते उरलेली जपण्यासाठी." मग ते आमच्याकडं वळले. "हे काल-परवाचं नाही. घरात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? वर्षभर आधी आला असता तर यातलं पुष्कळ वाचलं असतं."

अव्वा रडायला लागली. "चहा सांडत हुते," ती म्हणाली, "मी ओरडत हुतो त्यांच्यावर." मी जमिनीकडं बघत उभी होते. येताना एस.टी.त अप्पा खिडकीशी बसले आणि पूर्ण रस्ता बाहेर बघत राहिले. अव्वा त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून बसली होती. चारचौघांत तिला तसं बसलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. पुढं थेंब झाले, ऑपरेशन झालं, आणि तरीही मी कॉलेजात असताना ते मधलं पांढरंही हळूहळू गेलं. पण ते नंतरचं.

पंधरा दिवसांनी शेठ भेटायला आले. सोबत केळी आणि एक कोरा पुठ्ठा. खांद्याचं विचारलं, डोळ्यांचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. जाता जाता म्हणाले, "सावकाश करा, पेंटर. पण मागल्या चित्रातलं ते कोपऱ्यातलं हेलिकॉप्टर परत टाका बघा. लई पोरं इचारत्यात."

"टाकतो," अप्पा म्हणाले.

शेठ गेल्यावर त्यांनी मला हाक मारली. टेबलावर चौथ्या चित्राचं स्टिकर होतं. ते त्यांनी डोळ्यांसमोर धरलं आणि इकडून तिकडं हलवत सगळं बघितलं.

"ह्याची पाती उलटी काढलीस," ते म्हणाले.

मी स्टिकरवरच्या हेलिकॉप्टरकडं बघितलं.

"कवापासनं करतीस?"

"हिवाळ्यापासनं. त्याच्या आदी दिवाळीत समजलं हुतं मला. मी कुणाला सांगितलं न्हाय."

त्यांनी स्टिकर खाली ठेवलं. मला वाटलं ते मारतील. त्यांनी मारावं असं मला वाटत होतं.

"मला तिसऱ्या चित्राच्या येळंला शंका आलती," ते म्हणाले. "पुठ्ठा मोठा, कडंचं कळत न्हवतं. पण छापून आलेलं बारीक चित्र मला सगळं दिसतंय. तवा बघितलं, कोपरं मोकळं. म्हणलं, काय तरी बिघडलंय आपलं. पुढच्या टायमाला बघू, परत असंच झालं तर डाक्टरकडं जाऊ. आन चौथं आलं तर कोपरं भरलेलं. मगर, झाड, हेलिकॉप्टर. मी म्हणलं, हात आपोआप काढतोय, डोळं धड हायत. न्हाय गेलो."

ते रागानं बोलले नाहीत. एखाद्या गिऱ्हाइकाला रंग का उडाला हे समजावून सांगावं तसं बोलले. मला त्या वेळी रडू आलं नाही. आजही हे वाक्य आठवलं की मी हातातलं काम ठेवून जरा वेळ बसून राहते. त्यांनी पुन्हा कधी हा विषय काढला नाही, अव्वाला सांगितलं नाही, आणि मीही त्यांची माफी मागितली नाही, कारण कुठल्या शब्दांत मागायची ते मला अजून सापडलेलं नाही.

"हा पुठ्ठा शेठला नेऊन दे," ते म्हणाले. "सांग, आता जमणार न्हाय. का ते पण सांग."

मी गेले. शेठनी ऐकून घेतलं. चुकचुकले. मग काउंटरखालून कागदाचा एक गठ्ठा काढून माझ्यापुढं टाकला. मुंबईहून छापून आलेली तयार स्टिकरं होती, गुळगुळीत, कुठल्या तरी परदेशी मासिकातून उचललेल्या चित्रांची. "आता हे तयार येतंय, बाळ. मी पेंटरच्या मनाला लागंल म्हणून त्यांच्याकडं जात हुतो. तसं बी पोरं कुठं एवढं निरखून बघत्यात?"

घराकडं चालत येताना मी मनात एक उत्तर तयार केलं. शेठ म्हणाले, तुमच्यासारखा हात दुसरा नाही, बरे व्हा, मग बघू. चांगलं उत्तर होतं, आणि ते मला सफाईनं सांगता आलं असतं. अप्पा टेबलापाशी होते.

"काय म्हणला?"

मी शेठ जे बोलले ते सगळं, स्टिकरच्या गठ्ठ्यासकट, जसंच्या तसं सांगितलं. ते ऐकताना त्यांनी माझ्याकडं तोंड वळवलेलं होतं, मी त्यांच्या मधल्या पांढऱ्या जागेत यावं म्हणून. सांगून झाल्यावर त्यांनी टेबलावरच्या उघड्या बाटल्या हातानं चाचपल्या.

"पोस्टर कलरची झाकणं लाव," मग ते म्हणाले. "घट्ट लाव. वाळून जात्यात."

मी एकेक बाटली उचलून झाकण लावू लागले. निळा. लाल. हिरवा.

"पांढऱ्याचं लावलंस?"

"लावतो, अप्पा."